लोटूची सावड

३ मे १९३५, शुक्रवार. वैशाख शुद्ध प्रतिपदा

शाळेला सुटी लागली. दर वर्षी मी एक दैनंदिनी सुरू करतो आणि आठ दिवसांनी तिच्या कोऱ्या पानांवर आई पापडाचे प्रमाण उतरवून घेते. या खेपेस वही कुलपात ठेवणार आहे, कारण या खेपेस लिहिण्याजोगे काही आहे.

मुंबईहून आमच्या प्राध्यापकांचे पत्र आले. मी एम.ए. होऊन बुऱ्हाणपुरात मास्तरकी करतो आहे याला सात वर्षे झाली, तरी ते विसरलेले नाहीत. लिहितात: 'वामनराव, आपल्या देशात समाजशास्त्र शिकवले जाते, पण ते आपल्या देशाचे नाही. साहेबाच्या मापाने आपण आपल्या समाजाचे कपडे बेततो आणि ते बसले नाहीत की समाजच वाकडा म्हणतो. आपल्या मातीतला एक सिद्धांत उभा करा. डिसेंबरात परिषद आहे. पंधरा जूनच्या आत निबंध हाती पडला, तर विभागातल्या रिकाम्या जागेसाठी तुमचे नाव पुढे करता येईल.'

शेवटचे वाक्य मी कमलला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "मुंबईला पाणी फार जड असतं म्हणे." बायकोला आनंद झाला की ती अडचणी शोधते.

सिद्धांत माझ्याकडे आहे. सावड. एकाच्या शेतात, घरी, खळ्यावर गावाने जाऊन काम करायचे. उद्या त्याने दुसऱ्याकडे जायचे. मजुरी नाही, कागद नाही, करार नाही. युरोपातला समाज करारावर उभा आहे असे आम्ही पाठ केले. आमचा कशावर उभा आहे, हे मी जवळच्या निंबोला गावात बसून दाखवणार आहे.

८ मे, बुधवार. वैशाख शुद्ध षष्ठी

निंबोल्याला सायकलने गेलो. अशिरगडाच्या रस्त्याने वारा समोरून होता, मांड्या भरून आल्या आहेत.

भाईदास पाटलांकडे गुरांचा नवा गोठा घालायचा होता. अठ्ठावीस घरांतून माणसे आली, जो तो आपला विळा, दोरी, कुऱ्हाड घेऊन. आदल्या संध्याकाळी गावचा कोतवाल लोटू घरोघर ओरडून गेला होता: "उद्या भाईदासभाऊकडे सावड हाय होऽ!" तेवढ्यावर गाव जमा झाले. इकडे आमच्या मुख्याध्यापकांनी तीन नोटिसा काढल्या तरी मास्तर जमत नाहीत.

दुपारी मोठी पंगत बसली. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी. जेवता जेवता मी पाटलांना विचारले, मजूर आणि सावडकरी यांत फरक काय? ते म्हणाले, "काम तं बैलबी करते, मास्तर. काम करून जो घरच्या पंगतीले जेवला, तो सावडीचा. न जेवता गेला, तो मजूर नाहीतं वेठीचा. जेवलं म्हंजे फिटलं नाही, जेवलं म्हंजे बांधलं गेलं."

हे वाक्य मी जसेच्या तसे उतरवले. एवढे नेमके सूत्र मला कोणत्या ग्रंथात सापडले नव्हते. निबंधाचा पाया हाच.

लोटूने सगळ्यांत जास्त काम केले. सागाची लाकडे त्यानेच ओढून आणली. त्याला जेवण फडक्यात बांधून दिले. तो ते घरी घेऊन गेला. फार कुटुंबवत्सल माणूस आहे.

१२ मे, रविवार. वैशाख शुद्ध नवमी

दर रविवारी लोटू ठाण्यात गावची जन्ममृत्यूची खबर द्यायला शहरात येतो. परतताना आमच्याकडे डोकावतो आणि आठवड्यात कोण कोणाकडे सावडीला गेले ते मला सांगतो. त्याच्याइतके कोणालाच माहीत नाही, कारण प्रत्येक सावडीची हाक त्याचीच असते. वाचता येत नाही, पण तीन वर्षांपूर्वीच्या खळ्याला कोण आले होते हेही तोंडपाठ.

आज भिंतीवर मोठा कागद लावला. प्रत्येक घराचे एक टिंब, आणि ज्या घराचा माणूस ज्याच्याकडे गेला तिकडे एक बाण. लोटू अंगणातून सांगत होता, मी आत काढत होतो. संध्याकाळपर्यंत कागद बाणांनी भरला. असे सुंदर जाळे मी पाहिलेले नाही. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, सगळे एकमेकांत गुंतलेले.

लोटूला चहा दिला. त्याची कपबशी अंगणातल्या कोनाड्यात असते. तो स्वतःच काढतो, पिऊन झाल्यावर विसळतो आणि जागेवर ठेवतो. माणूस मोठा व्यवस्थित.

१९ मे, रविवार. वैशाख वद्य प्रतिपदा

शुक्रवारच्या वादळाने निंबोल्यात केळीच्या बागा झोपवल्या आणि तीन घरांची छपरे उडवली. यादव कुणब्याचे, मालूबाईचे आणि लोटूचे.

आज लोटूने सांगितले की मालूबाईच्या घरी काल सावड झाली. ही बाई विधवा, मूलबाळ नाही. ती कोणाच्या शेतात माणूस पाठवू शकत नाही, तरी गावाने तिचे छप्पर एका दिवसात उभे केले. तिने नुसती खिचडी केली, पण सगळे जेवले. मी आनंदाने खुर्चीवरून उठलो. निबंधात आजच वाक्य घातले: 'पावसाळ्यापूर्वी या गावात एकही घर छपराविना राहत नाही. जो समाजात आहे तो सावडीत आहे.'

मग लोटूला विचारले, "तुझी सावड कधी?"

तो हसला. "मही? मही कायची सावड, मास्तर?"

मी त्याला दारापाशी बोलावले आणि कागद दाखवला. "हे तुझे टिंब. मोज. एकोणीस बाण निघाले आहेत तुझ्या घरातून. मालूबाईकडून एकही नाही, तरी तिच्याकडे गाव गेले. तुझा तर हक्कच आहे. रीतच आहे ती."

तो उंबऱ्याबाहेरून बराच वेळ त्या टिंबाकडे पाहत होता. म्हणाला, "एवढे निंगाले?" मग म्हणाला, "कागदात बराबर लिवलं हाये ना, मास्तर?" मी म्हटले, अगदी बरोबर. त्याचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. शास्त्राचा उपयोग काय म्हणून विचारणाऱ्यांना हा चेहरा दाखवावा.

२४ मे, शुक्रवार. वैशाख वद्य षष्ठी

कच्चा मसुदा पाठवला होता, त्यावर पत्र आले. 'वामनराव, हे आपले आहे. पूर्णपणे आपले. परिषदेत पहिल्या दिवशी वाचायचे.' रात्रभर झोप नाही. कमलने ट्रंकेची बिजागरी दुरुस्त करायला दिली आहे. म्हणजे मुंबईचे पाणी आता तितकेसे जड राहिलेले नाही.

२९ मे, बुधवार. वैशाख वद्य द्वादशी

काल एकादशी, म्हणून आईने कुठे जाऊ दिले नाही. दिवसभर मी राजगिऱ्याच्या लाडवावर होतो. रविवारी लोटू आला नव्हता, म्हणून आज निंबोल्याला गेलो. जायला नको होते असे लिहिणार होतो. आधीच जायला हवे होते.

लोटूने स्वतःची सावड हाकारली. रविवारी संध्याकाळी, नेहमीसारखाच, पाटलांच्या दारापासून सुरू करून घरोघर: "उद्या लोटूकडे सावड हाय होऽ!" लोकांना आधी वाटले थट्टा आहे. मग वाटले प्यालाय. तो पीत नाही. सोजरबाईने, त्याच्या बायकोने, पहाटे उठून तीस माणसांच्या भाकरी थापल्या. घरात होते नव्हते ते पीठ गेले. दोघे उडालेल्या छपराखाली दुपार टळेपर्यंत बसून राहिले.

कोणी आले नाही. महारवाड्यातलेही आले नाहीत, पाटील काय म्हणेल या भीतीने.

मी भाईदास पाटलांकडे गेलो. ते रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला पाट दिला, गूळपाणी दिले आणि म्हणाले, "त्याच्याशी काय दुश्मनी हाये आमची? चार पोरं पाठवून छप्पर उभं करून दिलं असतं, उपकार म्हनून. पन त्यानं सावड म्हनली, मास्तर. सावडीले गेलं म्हंजे जेवा लागते. जेवायचं कसं? तुमीच सांगा."

मी गूळपाण्याचे भांडे खाली ठेवले.

"त्याले कोनीतरी भरवलं," ते म्हणाले. "कागदात लिवलं हाये म्हनतो. त्याची काठी मी ठेवून घेतली हाये. नवा कोतवाल पाह्यची अर्जी तहसिलीत जाईन." कोपऱ्यात लोटूची कोतवालकीची काठी उभी होती. पंधरा वर्षे तिला त्याने तेल लावले.

महारवाड्यात गेलो. लोटू बाहेर आला, हात जोडले. मी म्हटले, चूक माझी झाली. तो म्हणाला, "तुमची काय चूक? तुमी तं बाहेरचे. मले मालूम होतं ना. कागद पाहून मीच भुललो."

३१ मे, शुक्रवार. वैशाख वद्य चतुर्दशी

कमल केर काढताना भिंतीवरच्या कागदापुढे थांबली. म्हणाली, "एवढे बाण. पण लोटूच्या घराकडे एकही येत नाही की हो."

बारा तारखेपासून तो कागद माझ्या डोळ्यांपुढे आहे. एम.ए. मी आहे. कागद मी काढला.

४ जून, मंगळवार. ज्येष्ठ शुद्ध तृतीया

झाला प्रकार प्राध्यापकांना कळवला होता. उत्तर आले. अतिशय ममतेने लिहिले आहे. 'तुमची तळमळ समजते. पण अस्पृश्यता हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळी माणसे काम करीत आहेत. सिद्धांत हा नियमाचा असतो, अपवादाचा नव्हे. शिवाय परिषदेला परदेशी विद्वान येणार. घरातले भांडे चव्हाट्यावर का आपटावे? कोतवालाचे टिंब काढून टाका. जाळे आणखी स्वच्छ दिसेल.'

रबर घेऊन कागदापुढे उभा राहिलो. खरोखर स्वच्छ दिसेल. पण एकोणीस बाणही पुसावे लागतील, आणि मग गोठ्याची लाकडे कोणी ओढली?

रबर ठेवून दिले. पुसायचे नाही असे ठरवले, असेही नाही. नुसते ठेवून दिले.

७ जून, शुक्रवार. ज्येष्ठ शुद्ध षष्ठी

आज मी लोटूचे छप्पर शाकारायला गेलो. सावड म्हणूनच गेलो. एका घराकडून का होईना, त्याच्याकडे बाण गेला पाहिजे. कमलने डबा दिला. विळा शेजारून मागून घेतला.

मला काम येत नाही हे पहिल्या घटकेतच उघड झाले. बांबू मी धरले, ते निसटले. गवताच्या पेंढ्या मी खालून वर द्यायच्या आणि लोटूने बांधायच्या, असे ठरले. तळहाताला फोड आले. लोटू वरून म्हणाला, "मास्तर, पेंढी हाये, पुस्तक नाही, जोरात फेका." तो पुन्हा हसला याचे मला फार बरे वाटले. रस्त्याने जाणारे थांबून पाहत होते. सकाळी मी स्वतःवर खूश होतो, लपवत नाही.

दुपार झाली. सोजरबाईने पितळी घासून लख्ख केली होती. तिच्यात ज्वारीची भाकरी, तिखट, बाजूला कांदा. दाराशी चिरगूट अंथरले. "बसा, मास्तर."

मी म्हणालो, "आज माझा उपास आहे. एकादशी."

तोंडातून गेले. मी ठरवले नव्हते. माझा हात पितळीकडे निघालाच नाही आणि तोंडाने आपणहून कारण शोधून दिले. अस्पृश्यता मी मानत नाही. वर्गात मी त्यावर बोललो आहे, मुलांनी टाळ्या वाजवल्या आहेत.

सोजरबाईने पितळीकडे पाहिले. मग म्हणाली, "हाव का. मंग पानी तरी..." आणि तीच म्हणाली, "नाही, ऱ्हाऊ द्या." पितळी उचलून आत नेली. लोटूने दुसरीकडे पाहिले.

उपास सांगितल्यामुळे डबाही उघडता येईना. अर्धे छप्पर झाल्यावर निघालो. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बुऱ्हाणपूरच्या वेशीशी सायकल थांबवून, झाडामागे उभा राहून, पोळी-भाजी खाल्ली. चोरासारखी.

९ जून, रविवार. ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

दोन दिवस निबंधाला हात लावला नाही. काम करून न जेवता गेला तो वेठीचा, हे वाक्य पहिल्याच पानावर आहे. माझ्याच अक्षरात. म्हणजे परवा मी लोटूकडे वेठ केली, किंवा उपकार केले. भाईदास पाटीलही तेच करायला तयार होते, चार पोरे पाठवून. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? ते निदान खोटे बोलले नाहीत.

कमलने विचारले, "सारखं काय लिहिता आणि खोडता?" तिला सांगितले. सगळे, झाडामागच्या पोळीसकट. ती बराच वेळ डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मी असते तर मलाही जमलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी निबंध लिहीत नाहीये."

१२ जून, बुधवार. ज्येष्ठ शुद्ध एकादशी

निर्जला एकादशी. आई पहाटे तापीवर स्नानाला गेली तेव्हाच मी सायकल काढली. दिवस मुद्दाम निवडला नव्हता, हे इथे लिहून ठेवतो. आभाळ भरून येऊ लागले होते आणि लोटूचे अर्धे छप्पर उघडे होते.

दुपारपर्यंत शाकारणी पुरी झाली. शेवटची पेंढी लोटूने बांधली आणि आढ्यावर बसून घाम पुसला. मी हात धुतले आणि दाराशी जाऊन बसलो. कोणी बसा म्हणाले नव्हते. सोजरबाई बाहेर आली, पाहत राहिली.

"वयनी, जेवायला वाढा," मी म्हणालो.

ती जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "मास्तर, आज तं खरीच एकादस हाये."

म्हणजे तिला त्या दिवशीच कळले होते. कळणारच. चंद्राची कोर साऱ्या गावाला दिसते. कळूनही तिने माझी लाज राखली होती, पाणीसुद्धा पुढे केले नव्हते. मी म्हणालो, "माझी होऊन गेली."

लोटू छपरावरून उतरला. "मास्तर, काम झालं. तुमी काहून बाट लावून घेता? तुमाले घरी आई हाये."

"तू गावाच्या एकोणीस सावडी केल्यास," मी म्हणालो. "एका तरी पंगतीत बसलास का?"

तो हात धुऊन आला. माझ्यासमोर बसला. सोजरबाईने तीच पितळी आणली. भाकरी सकाळची होती, गार. पहिला घास घशाखाली जाईना. मला किळस आली असे नाही. भीती वाटली. आई, शाळा, वडिलांचे श्राद्ध, सारे त्या घासात आडवे आले. मग तो उतरला. दुसरा सहज उतरला. अर्धी भाकरी खाल्ली, मग उरलेली अर्धी. लोटू जेवता जेवता रडत होता आणि तिखट जास्त झाल्याचे सांगत होता. तिखट खरेच जास्त होते.

निघताना तो म्हणाला, "आता तुमच्याकडे काम निंगालं का मले हाक द्याची, मास्तर. आता बांधलं गेलं."

काठी त्याला परत मिळणार नाही. तहसिलीत अर्ज गेला आहे.

१३ जून, गुरुवार. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी

पहाटे उठून निबंध पुरा केला. 'जो समाजात आहे तो सावडीत आहे' हे वाक्य खोडले. तिथे लिहिले: 'सावडीची सीमा कामाने ठरत नाही, पंगतीने ठरते. निंबोल्यात एक घर असे आहे की ज्याने एकोणीस सावडी केल्या आणि ज्याच्याकडे एकही आली नाही. त्या घराच्या हाकेवरच बाकीच्या साऱ्या सावडी चालत. तेथे काम करून प्रस्तुत लेखकही प्रथम खोटे कारण सांगून न जेवता परतला. आपला सिद्धांत आपल्या मातीतला हवा असेल, तर ही माती त्यात असली पाहिजे.' कागदावरचे टिंब तसेच ठेवले. त्याच्याकडे एक बाण काढला आणि त्याच्या मुळाशी माझे नाव घातले. दहाच्या टपालात टाकून आलो. मुंबईची जागा मिळणार नाही हे मला कळते. कमललाही कळते. ट्रंक तिने पुन्हा माळ्यावर चढवली.

घरी येऊन आईला सांगितले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावे, म्हणून. ती द्वादशीचे पारणे सोडायला बसली होती. तिने सगळे ऐकले. एवढेच विचारले, "निर्जलेला?" मग पानावरून उठली आणि देवघरात जाऊन बसली. ओरडली असती तर मी काही उत्तर दिले असते.

संध्याकाळी उन्हातून आलो आणि पाणी मागितले. आतून कोणी आले नाही. कमल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिने नुसते अंगणाकडे पाहिले. कोनाड्यात, लोटूच्या कपबशीशेजारी, माझा पेला ठेवलेला होता, पाण्याने भरून. आईच्या हाताने ठेवलेला. तिने तो नेहमीसारखा घासून चकचकीत केला होता.

मी अंगणात बसून पाणी प्यालो. मग पेला विसळला आणि जागेवर ठेवला.